समुद्राला खेटून नको, वाडीत उतरा: एका लातूरकराचा मे महिन्यातला कोकण मुक्काम

मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कोकणात जायचं ठरवत असाल तर आधी निकाल सांगून टाकतो. समुद्र दिसणारी खोली शोधत बसू नका. आंब्या-नारळाच्या वाडीतलं, घरमालक स्वतः जिथं राहतात असं घर शोधा. आम्ही एकाच फेरीत दोन्ही बघितलं, दोन्हीकडं पैसे मोजले. ज्या घराबद्दल लिहितोय ते गणपतीपुळे आणि जयगडच्या मधल्या पट्ट्यात, समुद्रापासून चालत दहा-बारा मिनिटांवर आहे. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच हात जोडले. खोल्या तीन, मे महिना ओळखीपाळखीवरच भरतो, वरून फोन आले की नाही म्हणताना जीव जातो म्हणाले. मालगुंडला उतरून घरगुती राहायची सोय विचारलीत तर अशी घरं कुणीही दाखवील. मी जे बघून घ्या म्हणतोय ते त्या सगळ्यांनाच लागू आहे.

मी लातूरच्या मार्केट यार्डात आडतीचं दुकान चालवतो. आमच्याकडं पोटलीतला माल तळहातावर घेऊन पोत्यांचा भाव होतो. मोबाइलवरचे फोटो बघून खोली ठरवणं मला तसंच वाटतं: पोटलीतला दाणा टपोरा असतोच, पोतं फोडल्यावर काय निघतं ते खरं. अक्षय तृतीया उलटली की यार्डात आवक मंदावते आणि मृगाच्या तोंडावर शेतकरी बी-खताच्या मागं लागतो. मधल्या सांदीत घरात कूलरसमोर पडून राहण्यापेक्षा निघायचं ठरलं. सोबत आई, आमच्या सौ., दोन पोरं, परभणीचे साडू आणि त्यांची मंडळी, शिवाय पुण्यात इंजिनिअरिंग करणारा पुतण्या. आई माळकरी, पोरं मासे म्हटलं की पागल. ही जोडगोळी एका छताखाली सांभाळणारं ठिकाण मिळणं हीच खरी परीक्षा होती.

रस्त्याचं थोडक्यात. औशावरून जाणारा नागपूर-रत्नागिरी महामार्ग तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाटातून थेट रत्नागिरीला उतरतो. पावणेपाचशे-पाचशे किलोमीटर होतात. आई गाडीत असल्यावर पंढरपूर टाळता येत नाही, म्हणून आम्ही वाट वाकडी केली आणि कोल्हापुरात रात्र काढली. म्हाताऱ्या माणसांना घेऊन एका दमात जाऊ नका. घाट आणि त्यापुढचा साखरपा-पालीचा रस्ता दुपारी दोनच्या आत पार केला तर बरं, कारण शेवटच्या टप्प्यात वळणं लई आहेत आणि मागच्या सीटवरचं पोरगं बरोबर तिथंच ओकतं. पुळ्याला जायचं तर रत्नागिरी शहरात शिरायचं कारण नाही, हातखंब्यावरून निवळी फाटा गाठायचा आणि चाफ्यावरून खाली उतरायचं.

पहिली रात्र आम्ही समुद्रकाठच्या एका हॉटेलात काढली. खिडकीतून समुद्र दिसायचा, हे कबूल. पण वर पत्र्याची शेड, त्यामुळं एसी रात्री अकरापर्यंत नुसता आवाज करत होता. संध्याकाळी नळाला पाणी नाही. जेवणात पनीर बटर मसाला, व्हेज कोल्हापुरी आणि तंदुरी रोटी, म्हणजे लातूरच्या कुठल्याही धाब्यावर मिळतं तेच, वरून दर दीडपट. समुद्रात कधी जावं, कधी जाऊ नये हे सांगणारा एक माणूस तिथं नव्हता. एक फलक होता, त्यावरची अक्षरं खाऱ्या वाऱ्यानं उडालेली. सकाळी सौ. म्हणाल्या, "हे सोडा, दुसरं बघा." ओळखीच्या ओळखीतून या वाडीतल्या घराचा नंबर मिळाला आणि तिथली एक मंडळी त्याच दिवशी जाणार होती म्हणून आमची वर्णी लागली.

घर जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचं, वर मंगलोरी कौलं, पुढं पडवी आणि खळं, म्हणजे अंगण. खळ्यावर नारळाच्या झापांचा मांडव, त्याखाली दोन बाकडी. आमच्या खोल्या मागच्या अंगाला नव्यानं बांधलेल्या, पण कौलं तिथंही ठेवलीत, सिमेंटचा स्लॅब नाही. भर दुपारीसुद्धा आत बसवतं ते त्यामुळं. खोलीला रात्रीचे बावीसशे, जेवण वेगळं. शाकाहारी ताट दोनशे, मासळीचं ताट त्या दिवशीच्या मासळीवर. चादरी धुतलेल्या, उशा जरा जुनाट, संडास-बाथरूम स्वच्छ. एसी नाही.

आमच्या साडूंचं पहिलं भांडण इथंच झालं. परभणीचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना ठाऊक आहे, पारा त्रेचाळीस ओलांडतो आणि कूलरशिवाय माणसाचं पान हलत नाही. बॅगा टेकवायच्या आत साडूंनी विचारलं, "कूलर कुठं ठेवलाय हो?" घरमालक काका म्हणाले, "कूलर चालत नाय इथं." साडूंना वाटलं बिघडलाय. म्हणाले, "दुरुस्त करून घ्या की मग, आम्ही बघतो खोलून." काकांनी शांतपणे सांगितलं तेव्हा उमगलं. वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी उडून जातं म्हणून कूलरची हवा गार लागते. इथली हवा आधीच पाण्यानं गच्च, तिच्यात आणखी पाणी मावत नाही, मग गार होणार कशी? पारा बघाल तर चौतीस-पस्तीसच. पण घाम वाळतच नाही. दुपारी बारा ते चार बाहेर पडायचं नाही, पंख्याखाली किंवा झाडाखाली लोळायचं, अंगात सुती कपडे आणि खांद्यावर पंचा, हा एकच इलाज. आपल्याकडचा कोरडा फुफाटा सोसलेल्या माणसालाही ही चिकचिक पहिले दोन दिवस जड जाते, हे आधी मनात धरून जा.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. पडवीत खांबाला शाळेतली जुनी लाकडी चौकटीची पाटी टांगलेली आहे. काका रोज सकाळी चहा झाला की ओल्या फडक्यानं ती पुसतात आणि खडूनं दोन वेळा लिहितात: भरती पुरी कधी, ओहोटी पुरी कधी. मला वाटलं मोबाइलवरून उतरवत असतील. विचारलं तर म्हणाले, "तिथीवरून." तिथीचा आकडा घ्यायचा, तिनानं गुणायचा, चारानं भागायचा. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती पुरी. अष्टमीला सहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. दोन भरत्यांच्या बरोबर मधे ओहोटी. चंद्रामुळं भरती रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्याचा हा तोंडी हिशोब. मी आडत्या माणूस, हिशोब दिसला की पडताळल्याशिवाय चैन पडत नाही. मोबाइलवरच्या वेळांशी ताडून बघितलं, पंधरा-वीस मिनिटं इकडं तिकडं, कधी अर्धा तास. पंचांग आणि पाढे एवढ्यावर चालणारी गोष्ट म्हणून उत्तीर्ण, शंभर टक्के. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी लई वर येतं आणि लई आत जातं, त्याला ते उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला फरक कमी, तो भांग. पोरांना घेऊन जाणाऱ्यांनी भांगाचे दिवस धरावेत असं काकांचं म्हणणं.

पाटीबरोबर नियमही आहे. भरती चढत असताना कमरेच्या खाली पाण्यात जा. पाणी ओढ घ्यायला लागलं की बाहेर. पुतण्याला हा नियम पटेना. "काका, मला पोहता येतं." काकांनी विचारलं, "कुठं शिकलास?" "गावच्या विहिरीत." काका म्हणाले, "विहीर ओढत नाय रे बाबा." पुढं बोलणं खुंटलं. या बाबतीत काकांची काटेकोरपणाची सवय कुणाला जाचक वाटेल, पण गणपतीपुळ्याचा किनारा दिसतो तसा साधा नाही. वाळू एकदम उताराची आहे, दोन पावलांत गुडघ्याचं पाणी छातीला येतं, आणि आपल्याकडचेच पर्यटक तिथं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचत आलोय. मेच्या उत्तरार्धात नैर्ऋत्येचा वारा वाढतो, लाटा मोठ्या होतात. शेवटच्या आठवड्यात तर पाण्यातले खेळ आणि प्रवासी होड्याही बंद करतात. हॉटेलवाल्यानं आम्हाला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. बावीसशेतले हजार रुपये मी त्या पाटीचे धरतो.

याच पाटीच्या जोरावर आम्हाला हेदवीची बामणघळ दिसली. जयगडहून तवसाळला गाडीसकट फेरीबोटीनं जाता येतं. शास्त्री नदीची खाडी ओलांडायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, तेवढ्यासाठी रस्त्यानं मोठा वळसा पडतो. पोरांना बोटीत गाडी चढवण्याचं कौतुक, साडूंना गाडीचं हँडब्रेक नीट लागलंय का याची काळजी. पलीकडं हेदवी. तिथं कातळात एक अरुंद चीर आहे, भरतीचं पाणी तिच्यात घुसलं की कोंडून वर फवाऱ्यासारखं उडतं. काकांनी सकाळी बजावलं होतं, भरती पुरी व्हायच्या आधी अर्धा तास तिथं उभे राहा. आम्ही उभे राहिलो. आमच्या मागून ओहोटीला पोचलेली एक बस नुसती खडक बघून परत गेली. दशभुजा गणपतीचं दर्शन तिथंच वर होतं, आईचंही समाधान झालं.

पाण्याबद्दल लातूरकरानं लिहायचं नाही तर कुणी? बाथरूममध्ये पाटी आहे: पाणी जपून वापरा. साडूंच्या मुलीला हसू आलं, "समुद्राकाठी पाणी जपून?" पण वाडीच्या विहिरीचा तळ मे महिन्यात दिसायला लागतो आणि वरच्या वाड्यांना टँकर येतो, हे आम्ही डोळ्यांनी बघितलं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस पडतो, लातुरात त्याच्या चौथाईच्या आसपास. आई काकूंना म्हणाली, "अगं माय, एवढं पडलेलं पाणी मग जातंय कुठं?" काकूंनी हात पश्चिमेला केला. सह्याद्रीपासून समुद्र जवळ, उतार तीव्र, नद्या आखूड, जांभा दगड चाळणीचा. जे पडतं ते वाहून जातं, मुरलेलंही झिरपून निघून जातं. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं आम्ही, एका बादलीत आंघोळ आम्हाला शिकवावी लागत नाही. काकू म्हणाल्या, पाण्यावरून कुरबूर न करणारे पाव्हणे तुम्हीच.

जेवणाला पूर्ण गुण देतो, एक सोडून. माळकरी आहेत म्हटल्यावर काकूंनी काही न विचारता मासळीचा सगळा कारभार मागच्या पडवीतल्या चुलीवर नेला. भांडी वेगळी, वाढणारा हात वेगळा. आईला वासाचीसुद्धा तक्रार करायला जागा ठेवली नाही. तिच्या ताटात काजूची उसळ, आठळ्या म्हणजे फणसाच्या बिया घातलेली भाजी, रायवळ आंब्याचं कोयाडं, सोलकढी. बरक्या फणसाच्या रसात तांदळाचा रवा भिजवून केलेली सांदणं तिला इतकी आवडली की नारळाच्या दुधात बुडवून तीन खाल्ली आणि वर "रात्रीला एक ठेवा" म्हणाली. मधेच एकादशी आली. काकूंनी भगर आणि दाण्याची आमटी केली, आणि आम्ही सोबत नेलेली शेंगदाण्याची चटणी बघून अर्धी डबी मागून घेतली. पोरांच्या बाजूला बांगडा, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, एका रात्री सुरमई. तिरफळाचा वास घातलेलं बांगड्याचं तिखलं मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं. आमच्याकडच्या झणझणीतपणाची अपेक्षा धरू नका, नारळ सगळ्याचा तिखटपणा काढून घेतो. ठेचा सोबत न्या.

गुण कापला तो नाश्त्याचा. साडेनऊच्या आत चहाशिवाय काही नाही. घावणे, आंबोळ्या सुरेख असतात, पण म्हातारी माणसं पहाटे पाचला उठून बसतात, त्यांनी चार तास काय करायचं? आम्ही धपाटे नेले होते म्हणून निभावलं.

दुपारचे चार तास घरात काढायचे म्हटल्यावर पोरं कंटाळतील ही भीती होती. ती काकूंच्या रातांब्यांनी, म्हणजे कोकमाच्या फळांनी घालवली. मे महिना म्हणजे तिथल्या घराघरांत अगोटीची धांदल. पाऊस यायच्या आत वर्षाची बेगमी करायची: सरपण आत, सुकी मासळी डब्यात, आमसुलं बरणीत. खळ्यावर लालबुंद रातांब्यांचा ढीग. काकू चाकूनं फळ मधोमध चिरायच्या, अंगठ्यानं आतला गर आणि बिया एका भांड्यात ढकलायच्या, सालीच्या दोन वाट्या सुपात. भांड्यातल्या रसात मीठ पडलं की त्याचं आगळ. सालं उन्हात सुकवायची, त्याच रसात बुडवायची, पुन्हा सुकवायची, पुन्हा बुडवायची. असं करत करत ती काळी, मऊ आणि आंबट होत जातात. दुकानात पाकिटातलं कडक, खडखड वाजणारं आमसूल घेतो त्याला हे पुट कमी दिलेले असतात, हे मला तिथं कळलं. वाट्यांमध्ये साखर भरून काचेच्या बरणीत उन्हात ठेवली की सरबताचा अर्क सुटतो. बियाही टाकत नाहीत, त्यांचं तेल काढतात, टाचेच्या भेगांना लावायला. आमच्या पोरीनं एक अख्खी दुपार त्या ढिगाशी काढली. तिची बोटं जांभळी झाली ती लातूरला आल्यावरसुद्धा दोन दिवस तशीच होती. काकूंना घाई होती कारण पावसाचा भरवसा नाही. २०२५ साली मान्सून २६ मेलाच मुंबईत पोचला होता, तेव्हा झाडावरचे रातांबे झाडावरच कुजले म्हणाल्या. म्हणून मेचा शेवटचा आठवडा टाळा हे माझंही सांगणं. आंबाही संपत आलेला असतो, आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असल्यामुळं होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारायला सुरुवात झालेली असते.

पोरांचा दुसरा धंदा म्हणजे झेला. लांब बांबूच्या टोकाला जाळी आणि आतल्या बाजूला पातं. कोकण कृषी विद्यापीठानं सुधारून दिलेला नूतन झेला आता सगळीकडं वापरतात. आंबा देठासकट कापून जाळीत पडला पाहिजे. देठ तुटला तर चीक सालीवर सांडतो, तिथं काळा डाग पडतो आणि फळ त्या बाजूनं सडतं. पुतण्यानं पहिले चार-पाच बिनदेठाचे पाडले, काकांनी ते बाजूला काढून घरच्या रसाला दिले. इथंच माझी एक तक्रार आहे. पोरांनी हौसेनं काढलेले आंबे निघताना बिलात लावले होते. लावायला हरकत नाही, माल त्यांचा, घामही त्यांचा. पण झेला हातात देतानाच "आंबा डझनानं मोजून लावतो हं" असं म्हणायला हवं होतं. आडतीत भाव आधी, माप नंतर. मासळीच्या ताटाचंही तेच. सुरमईच्या रात्री ताट सव्वाचारशेला पडलं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. लिलावात भाव रोज बदलतो हे मान्य. सकाळी पाटीवर भरतीच्या खाली मासळीचाही भाव लिहा, असं मी काकांना सुचवून आलोय. हसले फक्त.

लिलावावरून आठवलं. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर सकाळी गेलो होतो. माझ्या दृष्टीनं सगळ्या फेरीतलं सगळ्यात रंगलेलं ठिकाण. मी बघितला त्या लिलावात वजनकाटा नव्हता, ढिगावर बोली. बायका नजरेनं ढीग तोलतात आणि मान हलवली की सौदा. सौ. नाकाला पदर लावून गाडीत बसल्या होत्या, मला मात्र तासभर हलवेना. शहरात थिबा राजवाडा आहे, ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी बांधलेला, १९१० चा. वास्तू देखणी, राजाची गोष्ट वाईट. झाडगावचं मत्स्यालय लहान पोरांना दाखवाच, देवमाशाचा सांगाडा बघून आमचा धाकटा गप्प झाला, ही नोंद घेण्यासारखी घटना. आरे-वारेचा रस्ता गाडीतून बघावा, पाण्यात उतरू नये. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक आहे, पोरीच्या पाठ्यपुस्तकातली कविता तिथं भिंतीवर बघून ती हरखली. पुळ्याच्या गणपतीला प्रदक्षिणा देवळाला नसते, अख्ख्या डोंगराला असते, किलोमीटरभराची. सकाळी सातच्या आत घाला. आईनं नऊला सुरू केली आणि फरशीवर पाय भाजले, तरी मधे थांबायचं नाव नाही.

बाकीच्या उणिवा पटकन सांगतो. वीज संध्याकाळी वाऱ्यानं जाते आणि इन्व्हर्टरवर फक्त दिवा आणि एक पंखा चालतो. गाडी रस्त्यावर लावून साठ-सत्तर जांभ्याच्या पायऱ्या उतराव्या लागतात, गुडघ्याच्या माणसाला ही अडचणच. आईला आम्ही दोघांनी धरून उतरवलं, नंतर ती दिवसातून एकदाच वर यायची. मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यावर. साडूंना मात्र त्याचं सुख झालं, त्यांचा शाळेचा ग्रुप शांत राहिला.

आंबे घेण्याबद्दल चार शब्द, कारण आपल्याकडचे लोक इथंच गंडतात. घाटाच्या पायथ्याला रस्त्याकडेच्या एका दुकानात "रत्नागिरी हापूस" म्हणून पेटी दाखवली. मी वरची ओळ उचलली, खालची बघितली. वर दोनशे सत्तर ग्रॅमची फळं, खाली लिंबं म्हणावीत एवढी. साल जाड, देठापाशी वास नाही, कापून दाखवा म्हटलं तर गर पिवळा, केशरी नाही. बाहेरून आलेला माल कोकणच्या नावानं विकायचा हा जुना धंदा आहे. २०१८ पासून हापूसला भौगोलिक मानांकन आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्याच आंब्याला ते नाव लावता येतं. बागायतदाराकडूनच घ्या. मेच्या मध्यावर भाव उतरलेला असतो, डाग पडलेला किंवा बारका आंबा कॅनिंगला किलोनं जातो, तो मागितलात तर रसाला स्वस्तात मिळतो. एवढं करूनही साका निघू शकतो, आतला गर पांढरट आणि चिवट. तो बाहेरून ओळखता येत नाही, बागायतदारालाही नाही. आमच्या पेटीत थोडे निघाले, काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आपल्या मराठवाड्याच्या केशरलाही मानांकन आहे आणि रसाला मी अजूनही केशरच्याच बाजूनं आहे, पण कापून खायला हापूसला तोड नाही, हे यार्डात बसून कबूल करतो. पेटी डिकीत ठेवू नका, उन्हानं शिजते. पायाशी, गवतासकट, झाकण उघडं.

ज्यांना पोहण्याचा तलाव, टीव्ही आणि रात्री अकराला खोलीत चहा हवा त्यांनी अशा घरी जाऊ नये, उगाच त्यांचीही चिडचिड आणि घरच्या काकूंचीही. गुडघेदुखीवाले असतील तर पायऱ्या आधी विचारा. अशा घरी जाणार असाल तर होळीच्या सुमारालाच फोन करा. ताटात कोण काय खात नाही ते तेव्हाच सांगा. मासळीचा भाव रोज सकाळी विचारा, झेला हातात घ्यायच्या आधी आंब्याचा. ठेचा, धपाटे, ओडोमॉस आणि जादा पंचे सोबत न्या. पुढच्या मेसाठी आमची मागची मोठी खोली धरून ठेवायला सांगितली आहे, पाचशे रुपये विसार देऊन.